पिवळ्या विटांची शाळा

बर्लिनच्या ईशान्येला, शहराच्या मध्यापासून साधारण 25 किलोमीटरवर बेर्नाऊ नावाचे तटबंदीचे जुने गाव आहे. गाव ओलांडून पाइनच्या बनात शिरले की उतारावर, एका लहानशा तळ्याच्या काठी, पिवळ्या विटांची लांबलचक वास्तू लागते. हान्नेस मायर आणि हान्स विटवर या दोन स्विस वास्तुविशारदांनी ती उभारली. 1930 साली ती सुरू झाली आणि 2017 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत जागा दिली. जागतिक वारसा म्हटले की तिकीटखिडकी, दोरखंड आणि ‘हात लावू नये’ची पाटी डोळ्यांपुढे येते. इथेही माहितगारासोबतच्या फेऱ्या होतात. पण वास्तूचे रोजचे धनी वेगळे आहेत. बर्लिन परिसरातल्या कारागिरांच्या हाताखाली धंदा शिकणारी मुलेमुली इथल्या खोल्यांत उतरतात, इथेच जेवतात आणि सकाळी शेजारच्या कार्यशाळांत कामाला जातात.

सुतार, गवंडी, फिटर होऊ पाहणाऱ्या पोरांना राहायला जागतिक वारसा वास्तू देणे हा जर्मन सरकारचा दिलदारपणा समजायचे कारण नाही. हा व्यवहार आहे, आणि तो कसा जमला याची गोष्ट बरीच वळणे घेते.

मुळात ही शाळा कारागिरांसाठी नव्हती, कामगार पुढाऱ्यांसाठी होती. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, जर्मनीतल्या समाजवादी वळणाच्या कामगार संघटनांनी आपला एक महासंघ स्थापन केला. विसाच्या दशकाच्या अखेरीस त्याचे 40 लाखांहून अधिक सभासद होते. अध्यक्ष थिओडोर लाइपार्ट हे स्वतः लाकूड कातणारे कारागीर. त्यांच्या आधीचे अध्यक्ष कार्ल लेगीनही त्याच धंद्यातले. राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि संघटनेच्या माणसांपुढे नवीच कामे येऊन पडली. 1920 च्या कायद्याने कारखान्यांत कामगारांच्या निवडून आलेल्या समित्या आल्या. 1926 च्या कायद्याने कामगार न्यायालये आली आणि तिथे कायदेपंडितांच्या शेजारी कामगारांचे प्रतिनिधीही बसू लागले. कालपर्यंत लेथवर उभा असलेला माणूस आज ताळेबंद वाचणार, विम्याच्या दाव्यावर मत देणार, मालकाच्या वकिलाशी वाद घालणार, तर त्याला हे सारे शिकवायचे कोणी? विद्यापीठांचे दरवाजे त्याच्यासाठी उघडे नव्हते. महासंघाने मग स्वतःचीच निवासी शाळा काढायचे ठरवले. एका वेळी 120 माणसे, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही, चार आठवड्यांसाठी येणार आणि अर्थशास्त्र, कामगार कायदा, विमा असे विषय शिकणार.

1928 मध्ये सहा वास्तुविशारदांकडून आराखडे मागवले गेले. त्यांत एरिख मेंडेलसोन होते, माक्स टाउट होते, ब्रेसलाउचे भव्य शताब्दी सभागृह बांधणारे माक्स बेर्ग होते. नावाने आणि कामाने मोठी माणसे. बाजी मारली ती मायर यांनी. त्याच वर्षी 1 एप्रिलला ते देसाउच्या बाउहाउस या कलाशिक्षण संस्थेचे संचालक झाले होते. वाल्टर ग्रोपियस यांनी ती खुर्ची नुकतीच सोडली होती.

मायर हा माणूस समजून घेतल्याशिवाय बेर्नाऊची वास्तू समजत नाही. जन्म बासेलचा, 1889 चा. घराण्यात बांधकामाचा व्यवसाय होता, पण वडील लवकर गेले आणि पोराला काही काळ अनाथालयात काढावा लागला. पुढे त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या सहकारी चळवळीसाठी बासेलजवळ एक अख्खी वसाहत बांधली. बांधकाम ही कला आहे, हे त्यांना मान्यच नव्हते. माणसे कुठून येतात, कुठे झोपतात, ऊन कोणत्या खिडकीतून कधी शिरते, वारा कुठून वाहतो, शेजाऱ्याचा आवाज किती येतो, याचे तक्ते मांडायचे आणि त्यांतून इमारत आपोआप निघते, अशी त्यांची भूमिका होती. थोडी हट्टाचीच. अशा माणसाची वास्तू पुढे ‘कलेचा ठेवा’ म्हणून संरक्षित व्हावी, यावर ते नक्की वैतागले असते.

बेर्नाऊच्या आराखड्यामागचा हिशेब मात्र साधा आणि देखणा आहे. 120 माणसांचा जमाव चार आठवड्यांत एकमेकांना ओळखू शकत नाही. दहा माणसे ओळखू शकतात. म्हणून 12 गट करायचे, प्रत्येकी दहा जणांचे. एका खोलीत दोघे, अशा पाच खोल्या एका मजल्यावर, म्हणजे एक मजला एका गटाचा. तोच गट वर्गात एकत्र, खेळाला एकत्र, जेवणाच्या टेबलावरही एकत्र. लहान वर्तुळात माणूस घडतो हा स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांचा विचार होता आणि मायर यांनी तो लहानपणापासून जवळून पाहिला होता. बेर्नाऊत त्यांनी तो विटा-सिमेंटमध्ये उतरवला.

राहत्या इमारती तीन-तीन मजल्यांच्या. त्या एका सरळ ओळीत उभ्या नाहीत. उताराबरोबर एकेक पाऊल खाली आणि बाजूला सरकत जातात. या सगळ्यांना शिवून टाकणारा एक लांब काचेचा सज्जा आहे. खोलीतून वर्गाकडे किंवा जेवणघराकडे जायचे तर याच सज्ज्यातून, म्हणजे एका बाजूला सतत झाडे आणि ऊन. बहुतेक शाळांत येण्याजाण्याची वाट अंधारी आणि कोंदट असते. इथे वास्तूतली सर्वांत उजळ जागा तीच. मायर यांचे गणित असे की माणसे खरे तर वाटेतच बोलतात, तेव्हा वाटेवर खर्च करावा.

बाकी थाट काही नाही. विटांना गिलावा नाही, सिमेंट-काँक्रीट उघडे, पोलादी खिडक्या उघड्या, नळसुद्धा झाकलेले नाहीत. वेगवेगळ्या राहत्या इमारतींना लाल, निळा, पिवळा, हिरवा असे वेगवेगळे रंग दिलेले, त्यामुळे नवख्या माणसालाही आपला मजला लगेच सापडतो. जेवणघर तळ्याकडे तोंड करून, त्याला लागून काचेची हरितवाटिका. व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर वर्ग. प्रवेशाशी तीन धुराडी उभी आहेत. कामगार चळवळीचे तीन खांब, म्हणजे संघटना, सहकार आणि पक्ष, यांची ती खूण असल्याचे सांगितले जाते. खूण असो वा नसो, धूर मात्र त्यांतून खराच निघायचा.

मोठ्या सभागृहाची एक अडचण होती. कडक भिंतींमुळे भाषणाचा आवाज घुमायचा. त्यावरचा उपाय बाउहाउसच्या विणकाम विभागातल्या अन्नी आल्बर्स यांनी काढला. त्यांनी भिंतीसाठी असे कापड विणले की त्याची एक बाजू आवाज गिळते आणि दुसरी उजेड परतवते. आवाजासाठी शेनीलचा मऊ, केसाळ धागा आणि उजेडासाठी चक्क सेलोफेन, म्हणजे बिस्किटांच्या पुड्यांना गुंडाळतात तो चकचकीत पारदर्शक कागद. त्या कापडाची तपासणी झाइस इकॉन या दुर्बिणी-कॅमेऱ्यांच्या कंपनीकडून करून घेतली गेली. 1930 मध्ये अन्नी यांना बाउहाउसची पदविका मिळाली ती याच कामावर. पुढे अमेरिकेत त्या विसाव्या शतकातल्या मोठ्या विणकर म्हणून गाजल्या. त्या कीर्तीची सुरुवात कामगारांच्या सभागृहातला प्रतिध्वनी कमी करण्यापासून झाली.

विद्यार्थ्यांना खऱ्या बांधकामावर घेऊन जायचे, हा मायर यांचा शिक्षक म्हणून आग्रह होता. बेर्नाऊच्या कामावर बाउहाउसचे अनेक विद्यार्थी होते. शिक्षकांच्या घरांच्या बांधकामावर देखरेख करणारे अरिए शारोन पुढे इस्राएलचे आघाडीचे वास्तुविशारद झाले. वर्गात शिकायचे आणि कामावर हात चालवायचे, दोन्ही एकाच वेळी. जर्मन व्यवसायशिक्षणाचा आजचाही सारा भर यावरच आहे.

4 मे 1930 रोजी शाळेचे उद्घाटन झाले. तीनच महिन्यांत, 1 ऑगस्टला, मायर यांना राजकीय मतांमुळे बाउहाउसमधून काढून टाकण्यात आले. ते सोव्हिएत रशियाला गेले, नंतर मेक्सिकोला. त्यांच्या जागी आले वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे.

शाळेलाही फार दिवस मिळाले नाहीत. 1933 च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. नव्या राजवटीशी जुळवून घेता येईल अशी महासंघाच्या नेत्यांची समजूत होती. 1 मे रोजी नाझींनी भरवलेल्या कामगार दिनाच्या संचलनात सामील व्हा, असे त्यांनी सभासदांना सांगितलेसुद्धा. दुसऱ्याच दिवशी, 2 मेला, देशभरातली कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेण्यात आली आणि लाइपार्ट यांना अटक झाली. बेर्नाऊची शाळाही गेली. तिथे नाझी पुढाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि नंतर सुरक्षा पोलिसांचे. काचेच्या सज्ज्यातून आता गणवेशातली माणसे चालू लागली. दहा-दहाच्या गटांत आपलेपणा वाढावा म्हणून आखलेल्या खोल्या शिस्तीच्या पलटणीलाही तितक्याच सोयीच्या ठरल्या, ही या वास्तूच्या इतिहासातली बोचरी गोष्ट आहे. चांगली रचना चांगल्याच माणसांच्या हाती जाते असे नाही.

युद्धानंतर बेर्नाऊ पूर्व जर्मनीत आले आणि शाळा पुन्हा कामगार संघटनेकडे गेली. फरक एवढाच की आता संघटना सरकारी होती. तिची उच्च शाळा इथे चाळीस वर्षांहून अधिक काळ चालली. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले कामगार कार्यकर्तेही इथे येऊन शिकून गेले. विद्यार्थी वाढले तशी जागा कमी पडू लागली. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला गिऑर्ग वाटरश्ट्राट यांच्या आराखड्यानुसार भोवती मोठी नवी बांधकामे झाली, त्या काळच्या भारदस्त सरकारी थाटाची. मायर यांची इमारत त्यांच्या मागे झाकली गेली. गरजेप्रमाणे भिंती पडल्या, नव्या उभ्या राहिल्या, रंगांवर रंग चढले. 1977 मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला खरा, पण बाहेरच्या जगाला ती जवळजवळ ठाऊकच नव्हती.

याचे कारण दोन्ही बाजूंच्या राजकारणात होते. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात बाउहाउसचे जे गाजलेले प्रदर्शन भरले ते 1919 ते 1928 या वर्षांपुरते, म्हणजे ग्रोपियस यांच्या कारकिर्दीपुरते होते. मायर यांचा काळ त्यात नव्हताच. पश्चिमेत त्यांची ओळख ‘तो कम्युनिस्ट’ एवढीच उरली. पूर्वेत हे कम्युनिस्टपण उपयोगी पडायला हवे होते. पण पन्नाशीच्या दशकात तिथल्या सरकारला बाउहाउसची शैलीच नकोशी होती, कारण ती भांडवलदारांची कोरडी नक्कलबाजी आहे असे ठरले होते. अशा रीतीने बाउहाउसच्या परिवारातल्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक दोन्ही जर्मनींच्या पुस्तकांतून गायब राहिले.

1990 मध्ये पूर्व जर्मनी संपली आणि सरकारी कामगार संघटनाही. इमारत ब्रांडेनबुर्ग राज्याकडे आली. काही वर्षे तिथे सरकारी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण चालले. मग तेही थांबले आणि ती रिकामी पडली. छपराखाली पाणी शिरू लागले की पिवळी वीट काय आणि दगडी कोट काय, दोघांचे नशीब सारखेच. वारसा म्हणून तिची किंमत तज्ज्ञांना कळत होती, पण ती चालवणार कोण? संग्रहालय करावे तर बर्लिन, वायमार आणि देसाउ तिन्ही ठिकाणी बाउहाउसचा वारसा जपणाऱ्या संस्था होत्याच.

तेव्हा पुढे आले बर्लिनच्या कारागिरांचे चेंबर, म्हणजे त्यांचे अधिकृत मंडळ. त्यांना प्रदर्शन भरवायचे नव्हते. त्यांना खाटा हव्या होत्या.

त्यांना एवढ्या खाटा का लागतात, हे समजायला जर्मनीतले धंदेशिक्षण थोडे पाहावे लागेल. दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी तिथे सुतार, विद्युत कारागीर, बेकरीवाला किंवा चष्मे बनवणारा व्हायचे ठरवते, तेव्हा पहिली पायरी शाळेची नसते, करारनाम्याची असते. एखादा उस्ताद किंवा कंपनी त्याच्याशी तीन ते साडेतीन वर्षांचा करार करते. तो आठवड्यातले तीन-चार दिवस कामावर असतो आणि एक-दोन दिवस सरकारी व्यवसायशाळेत. काही ठिकाणी शाळेचे आठवडे सलग घेतात. अशा शिकाऊ उमेदवाराला जर्मन लोक लाडाने ‘आझुबी’ म्हणतात. त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. 2020 पासून त्याची किमान रक्कमही कायद्याने ठरली, पहिल्या वर्षासाठी तेव्हा 515 युरो. अशा मान्यताप्राप्त व्यवसायांची संख्या सुमारे 325 आहे. कामावरचे शिक्षण कसे असावे हे 1969 च्या व्यवसायशिक्षण कायद्याने बांधून दिले आहे.

व्यवसायशाळेची कल्पना त्याहून जुनी. म्युनिकचे शिक्षणप्रमुख गिऑर्ग केर्शेनस्टाइनर यांनी 1900 च्या सुमारास तिथल्या संध्याकाळच्या कंटाळवाण्या पुरवणी शाळांचा कायापालट केला. आधी तिथे शाळेतलेच वाचन-गणित पुन्हा घोकून घेत. त्यांनी प्रत्येक धंद्याचे वर्ग वेगळे केले आणि वर्गाला कार्यशाळा जोडली. लोहाराच्या पोराला त्रैराशिक शिकवायचे तर ते लोखंडाच्या वजनातून शिकवायचे, असा त्यांचा खाक्या.

आता अडचण कुठे येते? लहान कारागिराच्या दुकानात सगळे शिकता येत नाही. दोन माणसांच्या गॅरेजमध्ये नव्या पद्धतीचे यंत्र असेलच असे नाही. एखादा सुतार आयुष्यभर फक्त जिनेच बनवत असतो. ती उणीव भरून काढायला दुकान आणि शाळा यांच्या जोडीला तिसरा पाय आहे. कारागिरांच्या चेंबरची सामायिक कार्यशाळा. उमेदवाराने वर्षातले काही आठवडे तिथे जायचे, नवी यंत्रे हाताळायची, राहिलेली कौशल्ये शिकायची. परीक्षाही चेंबरच घेते. पुढे ज्याला स्वतःचे दुकान काढायचे त्याला अनेक धंद्यांत ‘माइस्टर’ म्हणजे उस्ताद व्हावेच लागते. 2020 च्या बदलानंतर असे 53 धंदे आहेत. बेर्नाऊच्या वाल्डफ्रीडेन भागात बर्लिनच्या चेंबरचे असेच प्रशिक्षण केंद्र आहे. आठवडाभराच्या शिबिराला आलेल्या मुलांना दोन-दोनच्या खोल्या, जेवणघर, वर्ग आणि व्यायामशाळा लागते. मायर यांनी 1928 मध्ये नेमके हेच आखले होते. खोलीचे माप बदलायला नको, मजल्याची रचना मोडायला नको. वास्तू आणि गरज यांची पत्रिका क्वचितच इतकी जुळते.

दुरुस्तीचे काम बर्लिनचे वास्तुविशारद विनफ्रीड ब्रेने यांच्याकडे आले. वास्तुविशारद ब्रुनो टाउट यांच्या बर्लिनमधल्या रंगीत वसाहती जतन करण्यात त्यांचा हातखंडा होता. 2007 च्या सुमारास काम पुरे झाले. त्यांच्या चमूने आधी रंगांचे थर एकेक करून खरवडले आणि तळाचे मूळ रंग शोधले. मागाहून चढलेली बांधकामे उतरवली, काचेचा सज्जा आणि हरितवाटिका पुन्हा उभी केली, काचविटा उघड्या केल्या. तीन धुराड्यांचा दर्शनी भाग पुन्हा दिसू लागला. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने आधुनिक वास्तूंच्या जतनासाठी नोल कंपनीच्या साहाय्याने नवा पुरस्कार सुरू केला आणि त्याचा पहिलाच मान या कामाला दिला.

वापरातली वास्तू जतन करणे हे रिकाम्या वास्तूपेक्षा कितीतरी किचकट असते. जर्मनीत वारसा हा केंद्राचा विषय नाही. 16 राज्यांचे 16 कायदे आहेत. यादीत नाव चढले की मालकाने वास्तू नीट राखायची, आणि खिडकी बदलायची झाली तरी वारसा कार्यालयाची परवानगी घ्यायची. दुसरीकडून अग्निशमन, अपंगांसाठी सोय, ऊर्जाबचत असे नवे नियम येतात. ऊर्जेच्या नियमांत संरक्षित वास्तूंना सवलत मिळू शकते. आगीच्या बाबतीत मात्र तडजोड कोणी करत नाही, आणि वसतिगृहात करूही नये. वास्तुजतनाचे आंतरराष्ट्रीय दंडक सांगणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेने या सगळ्याची दिशा आधीच सांगून ठेवली आहे: वास्तू समाजोपयोगी कामात असेल तर जतन सोपे जाते, मात्र त्या वापरापायी तिची रचना बदलता कामा नये. सनदेचे हे पाचवे कलम परिषदांत सगळेच वाचतात. त्याप्रमाणे वागणारे उदाहरण दाखवा म्हटले, तर बेर्नाऊकडे बोट दाखवता येते.

बेर्नाऊला अपवाद म्हणणाऱ्यांनी देसाउची प्रसिद्ध बाउहाउस इमारतही नीट पाहावी. तिची काचेची कार्यशाळा जगभरच्या पुस्तकांत छापली जाते, विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या त्या छोट्या गॅलऱ्याही. तिसऱ्या पंखाकडे, उत्तरेच्या बाजूला, कॅमेरे फारसे वळत नाहीत. तो पंख देसाउ शहराच्या तंत्र-व्यवसायशाळेचा होता. 1925 मध्ये वायमारमधून हाकलल्या गेलेल्या बाउहाउसला महापौर फ्रिट्झ हेसे यांनी देसाउत बोलावले, तेव्हा शहराला आपल्या कारागीरशाळेसाठीही इमारत हवी होती. ग्रोपियस यांनी दोन्ही एकाच आराखड्यात बसवल्या. रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन दरवाजे, आणि रस्त्यावरून जाणारा दोन मजली पूल. 4 डिसेंबर 1926 ला इमारत खुली झाली. 1932 मध्ये नाझी बहुमताच्या नगरपरिषदेने बाउहाउस बंद पाडले. मार्च 1945 च्या बाँबहल्ल्यात काचेची भिंत गेली. युद्धानंतर जे काही उरले होते त्यात शाळा भरू लागल्या. 1976 मध्ये, पन्नासाव्या वर्षी, काचेची भिंत पुन्हा उभी राहिली, फक्त चौकटी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या. 1996 मध्ये वारसा यादीत नाव गेले. आधुनिक कलेची पंढरी मानली जाणारी ही इमारत वर्षानुवर्षे फळा आणि खडूनेच जिवंत ठेवली, याचा उल्लेख पर्यटकांच्या माहितीपत्रकांत हवा तेवढा होत नाही.

याच परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. देसाउत शिकलेले स्विस कलावंत माक्स बिल यांनी पुढे जर्मनीत उल्म शहरी डिझाइनची नवी शाळा उभी केली. 1955 मध्ये खुली झालेली तिची इमारतही त्यांचीच, आणि आज तीही संरक्षित आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले सुधाकर नाडकर्णी साठच्या दशकात उल्मला गेले. परत आल्यावर पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्राला आकार देणाऱ्यांत ते अग्रभागी होते. कारागिरीच्या बाजूने पाहायचे तर छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम आहेच. साचे आणि हत्यारे घडवणारे हात मराठवाड्यात तयार करणारी ही संस्था जर्मन सरकारच्या तांत्रिक साहाय्याने उभी राहिली.

जुनी वास्तू आणि कारागिरांचे शिक्षण अशा जोड्या जर्मनीत आणखीही आहेत. म्युन्स्टर परिसरातल्या राएसफेल्ड गावात खंदकाने वेढलेला सतराव्या शतकातला किल्लेवजा वाडा कारागिरांच्या अकादमीच्या ताब्यात आहे. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारे कारागीर तिथे तयार होतात. फुल्डाजवळच्या योहानेसबेर्ग इथल्या जुन्या धर्मपीठात वारसा जतनाचे अभ्यासक्रम चालतात. पोलंडच्या सीमेवरचे ग्योर्लिट्झ शहर तर सुमारे 4000 संरक्षित इमारतींसाठी ओळखले जाते, आणि कारागिरांना जतनकाम शिकवणारे केंद्रही त्याच शहरात आहे. चुन्याचा गिलावा शिकायला पुस्तक कमी आणि समोर पडकी भिंत जास्त लागते. ती भिंत तिथे शेजारीच मिळते.

यातली एक बाजू नजरेआड करून चालणार नाही. बेर्नाऊतच, मायर यांच्या देखण्या इमारतीच्या शेजारची पूर्व जर्मनीच्या काळातली बांधकामेही संरक्षित आहेत, पण ती बराच काळ ओस पडून होती. चेंबरला खाटा हव्या होत्या तेवढ्या मूळ इमारतीने दिल्या. उरलेल्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही. वारसा कायदा पाडापाडी थांबवतो, भाडेकरू आणून देत नाही. शिवाय व्यवसायशिक्षणाकडे वळणारी मुले कमी होत असल्याची ओरड जर्मनीतले उस्ताद सतत करतात. मुलांचा ओढा विद्यापीठांकडे आहे. खाटा रिकाम्या राहू लागल्या तर इमारतीचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

तरीही वास्तुकलेच्या अभ्यासकाने एकदा तरी बेर्नाऊ पाहावे, आणि आयटीआयचे वसतिगृह बांधायला निघालेल्या अभियंत्याने तर नक्कीच. बर्लिनहून एस-2 क्रमांकाची लोकल पकडावी आणि शेवटच्या बेर्नाऊ स्थानकावर उतरावे. तिथून शाळा गावाबाहेर आहे, बस घेतलेली बरी. आतला भाग पाहायचा असेल तर माहितगारासोबतच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण खोल्यांत माणसे राहतात आणि वर्ग चालू असतात. फेरीत काचेचा सज्जा, जेवणघर आणि व्यायामशाळा चुकवू नये. राहत्या मजल्यांवर आवाज मात्र हळू ठेवावा. मुलांना सकाळी लवकर कार्यशाळेत हजर व्हायचे असते.